कुलूपवाल्याचं समुद्राकाठचं घर

आमच्या गल्लीतल्या कुलूपवाल्याने समुद्राकाठी दुसरं घर केलं आहे आणि तिथे एक बाई ठेवली आहे, ही बातमी पहिल्यांदा कुजबुजला तो सलूनवाला, आणि तीही गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा टेकवून. अशा वेळी गिऱ्हाईक मान हलवत नाही. म्हणजे त्याला बातमी पटली, असं सलूनवाल्याने गृहीत धरलं आणि संध्याकाळच्या आत ती बेकरीवालीकडे पोचती केली. बेकरीवालीकडे पोचलं की पुढची काळजी नसते.

आता समुद्र आमच्यापासून इतका लांब की गल्लीतल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलेलासुद्धा नाही. पण अफवेला भूगोल आडवा येत नाही. शिवाय पुरावे होते. दुपारी गल्ली जेवायला गेली की कुलूपवाला दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचा आणि आत बसायचा. अर्धं! पूर्ण ओढलं असतं तर माणूस झोपला म्हणून सोडून दिलं असतं. आणि आतून त्याचा आवाज यायचा. बेकरीवालीने स्वतःच्या कानांनी ऐकलं, "अगं, मी इथे उघडाबंब उभा आहे, आधी अंगावर घालायला काहीतरी दे!" औषधवाल्याने ऐकलं, "तू घरात जाळ करून ठेव, मी होडी घेऊन येतोच." यापेक्षा जास्त पुरावा कोर्टालासुद्धा लागत नाही.

मजा अशी की ज्याच्याबद्दल हा संशय, तो माणूस स्वतः संशयाचा कारखाना. जादा किल्ली करून मागायला गेलात की तो कानस खाली ठेवायचा आणि चष्म्यावरून बघायचा.

"घर कोणाचं?"

"माझंच."

"मग किल्ली हरवली कशी?"

"हरवली नाही हो, जास्तीची हवीय. सासूबाई यायच्यात राहायला."

"बायकोला विचारलंत?"

"बायकोनेच सांगितलंय!"

"ती असं म्हणेलच. तिने तुम्हाला विचारलं का, तुम्हाला?"

कितीतरी गिऱ्हाइकं किल्ली न करताच परत गेली, आणि त्यातल्या एकदोघांनी म्हणे सासूचं येणंही रद्द केलं. स्वतःच्या घराच्या दाराला तीन कुलपं. निघताना तो तिन्ही ओढून बघायचा, जिना उतरायचा, परत वर जायचा आणि आणखी एकदा ओढून बघायचा. त्याची बायको, आमची वहिनी, दवाखान्यात चादरी आणि रुग्णांचे कपडे ठेवतात त्या खोलीत कामाला. ती खाली उभी राहून म्हणायची, "आता चौथं कुलूप तुमच्या डोक्याला लावा, म्हणजे विचार बाहेर पडणार नाहीत."

या माणसाला एकच लेक. आणि लेकीने लग्न कोणाशी करावं? घरसामान हलवणाऱ्या कंपनीतल्या माणसाशी. खोकी, दोऱ्या, ट्रक. बापाने ऐकलं आणि तो खुर्चीत बसला तो उठेचना. "जो माणूस दिवसाढवळ्या लोकांच्या घरात शिरून सगळं उचलून नेतो, आणि वर त्याच लोकांकडून पैसे घेतो," तो मला म्हणाला, "त्याला मी जावई म्हणू?" मी म्हटलं, पत्ता सांगून नेतो रे बाबा, नव्या घरी नेऊन ठेवतो. तर म्हणे, "तेच तर. सवय तर लागलेली असते ना हाताला!"

लेकीने ऐकलं नाही. नोंदणी केली. आणि दुसऱ्या दिवशी ती आपले कपडे न्यायला आली, तर तिची किल्ली दाराला लागेना. बापाने रातोरात तिन्ही कुलपं बदलली होती. ती जिन्यात थोडा वेळ उभी राहिली आणि बेल न वाजवता निघून गेली. हे शेजारणीने पाहिलं म्हणून कळलं, नाहीतर त्या घरातलं काही बाहेर यायचं नाही.

त्यानंतर लेक बापाशी बोलली नाही. आईशी रोज फोन. बापाने हात पुढे केला की फोन बंद. "आम्ही दोघं येऊ, नाहीतर कोणीच येणार नाही," एवढाच तिचा निरोप. मग एके दिवशी वहिनी चादरीची घडी घालावी तशा थंडपणे नवऱ्याला म्हणाली, "वर्ष सरायच्या आत लेक या दारातून आत आली पाहिजे. नाही आली तर मी तिच्याकडे राहायला जाते. तुम्ही आणि तुमची कुलपं बसा एकमेकांकडे बघत." वहिनी थट्टा करते तेव्हा मोठ्याने बोलते. हे ती हळू बोलली होती. कुलूपवाल्याने ओळखलं.

आणि हे बोलून झाल्यावर थोड्याच दिवसांनी दुपारचं शटर अर्धं उतरायला लागलं. आता तुम्हीच सांगा, बायको घर सोडायच्या गोष्टी करते आणि नवरा शटर ओढून कुणाला तरी जाळ करायला सांगतो. गल्लीने काय समजायचं?

माझं चष्म्याचं दुकान त्याच्या बरोबर समोर. इतकं जवळ राहून आपल्याला माहिती कमी, हे माझ्या मनाला लागलं. एका दुपारी मी वाकून शटरखालून आत शिरलो.

आत कामाच्या टेबलावर कानशी आणि चिमटे एका बाजूला सारलेले, मधोमध लेकीचा जुना कॉम्प्युटर, आणि कुलूपवाला कानाला हेडफोन लावून माझ्याकडे पाठ करून बसलेला. पडद्यावर घनदाट जंगल, धुकं, आणि एक दाढीवाला गडी हातात कुऱ्हाड घेऊन धापा टाकतोय.

"कोण?" मागे न बघता त्याने विचारलं.

"मी. चष्म्याचा."

"शटर खाली घे."

"मी आलोय हे चालतंय ना तुला?"

"तू आला नाहीस, शिरलास. आधी शटर घे, लांडगे आहेत."

मी शटर घेतलं. काय सांगता येतं!

तर तो होता व्हिडिओ गेम. उत्तरेकडच्या थंड समुद्रातले जुने दर्यावर्दी, ज्यांना व्हायकिंग म्हणतात, त्यातला एक गडी तुम्ही व्हायचं. अनोळखी किनाऱ्यावर जाग येते तेव्हा अंगावर धड कपडाही नसतो. दगड उचला, काटकी तोडा, त्यांची कुऱ्हाड करा. कुऱ्हाडीने झाड पाडा, झाडाचं घर बांधा, आणि हे सगळं अंधार पडायच्या आत, कारण अंधारात काहीतरी गुरगुरतं. लेकीने आईकडून निरोप धाडला होता: फोनवर बोलणार नाही, पण दुपारी माझी जेवणाची सुट्टी असते तेव्हा मी या खेळात असते, यायचं तर या. तिचा माइक बिघडलाय म्हणून ती पडद्यावर लिहायची. याला टायपिंग जमेना म्हणून हा बोलायचा. दोन वेण्यांची एक धिप्पाड बाई खेळात त्याच्यासोबत हिंडायची, ती म्हणजे लेक. समुद्राकाठचं घर दोघांनी मिळून बांधलेलं.

"यात एवढं काय आहे?" मी विचारलं. मला खरंच संशय होता. नातं जोडायला आलेला माणूस हळूहळू नातं विसरून नुसतीच लाकडं तोडत होता, हे मला दिसत होतं.

"तू आत्ता शटर घेतलंस," तो म्हणाला, "तेव्हा बरं वाटलं की नाही?"

"लांडगे आहेत म्हणालास म्हणून घेतलं."

"तेच. जन्मभर कुलपं विकली मी. पण दार लावून आत बसलं की एवढं बरं का वाटतं, ते मला इथे कळलं. बाहेर पाऊस, काळोख, कोणीतरी दाराला नाक लावून हुंगतंय, आणि आत आपण लावलेली फळी, आपण पेटवलेला जाळ. खऱ्या घरात कुठे असं वाटतं? तिथे बाहेर लांडगा नसतोच, नुसता संशय असतो."

हे बोलून तो स्वतःच दचकला आणि पुन्हा झाड तोडायला लागला.

मी बघत बसलो आणि, खोटं कशाला सांगू, माझंही जेवण राहिलं. त्या खेळाची एक खोड अशी की तो तुम्हाला कधी पुरतं पोट भरू देत नाही आणि कधी उपाशीही ठेवत नाही. कुऱ्हाड झाली की वाटतं, आता ढाल झाली तर बरं. ढालीला कातडं हवं, कातड्याला हरीण, हरणाला बाण, बाणाला पिसं. पिसांसाठी रानात जायचं, तिथे एक झोपडीएवढा राक्षस झोपलेला दिसतो, तोपर्यंत पिसं विसरली. आणि मेलात तरी सगळं संपत नाही. घरच्या बिछान्यात उघडेबंब जागे होता, आणि तुमचं सामान जिथे पडलात तिथेच तुमची वाट बघत असतं. जाऊन आणायचं. बेकरीवालीने ऐकलं ते वाक्य तिथलं.

कुलूपवाल्याचं खरं दुःख मात्र वेगळं होतं. त्या खेळात दार आहे, पण कुलूप नाही. कोणीही ढकलावं आणि आत यावं! त्याने घराभोवती खंदक खणला, कुंपण घातलं, दारामागे दार, त्यामागे आणखी एक दार. मग भिंतींच्या फटी बुजवल्या, छपराची फट बुजवली, मुंगी शिरायला जागा ठेवली नाही. आणि समाधानाने आत बसून जाळ पेटवला. धूर बाहेर जायला वाट नाही. शंभर शत्रूंना न सापडलेला आमचा गडी स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच चुलीच्या धुराने गुदमरून मेला.

पडद्यावर लेकीचं वाक्य उमटलं: "बाबा, छपराला भोक ठेवा. घर आहे, तिजोरी नाही."

वहिनीला मी हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिच्या हातातल्या चादरी खाली पडल्या. गल्लीतली कुजबुज तिच्या कानावर आली होतीच. ती काही बोलायची नाही, नुसती हसायची. बेकरीवाली म्हणे, "नवरा बाहेर घर करतो आणि ही हसते. हिचंही काहीतरी असणार."

आता खरी गोम इथे आहे. कुलूपवाल्याला दोन वेण्यांच्या त्या बाईचा संशय यायला लागला.

"ती लेक नाही," एका दुपारी तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला. "म्हणजे कधी असते, कधी नसते."

"म्हणजे काय, भूत आहे?"

"दारं बघ. माझ्या लेकीने जन्मात मागे वळून दार लावलेलं नाही. लहानपणापासून. काल दारं सताड उघडी, रानडुक्कर घरात येऊन बसलेलं, पेटाऱ्यात बाण, मांस, चामडं सगळा काला. ती लेक. आज बघ. तिन्ही दारं लावलेली. पेटाऱ्यात जड सामान खाली, हलकं वर, बाण एका बाजूला टोकं आत करून. हा हात वेगळा आहे."

मी पाहिलं. पेटारा असा लावलेला की ट्रक दगडांवरून नेला तरी आतलं काही हललं नसतं. माझ्या मनात जे यायचं ते आलं, आणि त्याच्याही मनात तेच आलेलं होतं, पण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"कुणीतरी माझ्या लेकीच्या आड लपून माझ्या घरात येतंय," तो पुटपुटला.

मग त्याने पोलीसगिरी सुरू केली. माइकवर गोड आवाजात म्हणाला, "अगं, लहानपणी तू माझी कुठली वस्तू फोडली होतीस, आठवतंय?" बराच वेळ काही नाही. दोन वेण्यांची बाई नुसती उभी. मग उत्तर आलं: "तुमचा रेडिओ. आणि मी नव्हता फोडला, मांजराने पाडला."

"उत्तर बरोबर आहे," मी म्हटलं.

"बरोबर आहे, पण उशिरा आलं. कुणीतरी कुणाला तरी फोन करून विचारलं."

मग त्याने सापळा लावला. आपली सगळ्यात चांगली कुऱ्हाड उघड्या पेटाऱ्यात, सहज दिसेल अशी ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहिली तर कुऱ्हाड जागच्या जागी, वर दुरुस्त करून, नवी धार लावून. झालं! कुलूपवाल्याची झोप उडाली. चोरली असती तर तो शांत झाला असता. "इतका सज्जनपणा कोणी फुकट करत नाही," तो म्हणाला. "पाणी कुठेतरी मुरतंय."

"मग विचार ना सरळ, कोण आहेस म्हणून."

"विचारलं आणि खरं सांगितलं तर?"

खरं सांगितलं तर त्याला बोलावं लागलं असतं किंवा खेळ बंद करावा लागला असता. आणि खेळ बंद म्हणजे लेकीचं ते पडद्यावरचं लिहिणंही बंद. वर्ष तर सरत चाललं होतं. घरात वहिनीने माळ्यावरची बॅग काढून उन्हात ठेवली होती, नुसती हवा लागायला, असं ती म्हणाली.

त्या सुमाराला दोघं खेळात होडी घेऊन समुद्रापलीकडे गेले. तिकडे दलदल, आणि दलदलीत लोखंड. लोखंडाशिवाय पुढे सरकता येत नाही. निघताना मी पाहिलं, घराची दारं लावलेली होती. म्हणजे त्या दिवशी वेण्यांच्या आड कोण होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी गेला. मला वाटतं, डोळ्यासमोर असलेला चोर त्याला बरा वाटला असावा.

दलदलीत लोखंड भरपूर मिळालं. परतायच्या बेतात चिखलातून काहीतरी कुजकं, हिरवं वर आलं आणि त्याने कुलूपवाल्याला दोन तडाख्यांत आडवं केलं. पडदा काळा झाला. मग जाग आली ती समुद्राच्या या काठाला, घरच्या बिछान्यात, उघडंबंब.

आणि पलीकडच्या काठाला? होडी. सगळं लोखंड. त्याची ढाल, चिलखत, धार लावलेली कुऱ्हाड. आणि या सगळ्याच्या शेजारी एकटा तो माणूस, ज्याच्यासाठी तिन्ही कुलपं बदलली होती.

कुलूपवाला हेडफोन धरून बसला. शटरवर कोणीतरी थापा मारत होतं, "अहो, किल्ली तुटलीय आत, येता का?" त्याने ऐकलं नाही. पलीकडचा माणूसही थांबला असावा. बापाने लेकीला हाक मारावी, लेकीने सामान आणावं, आणि कोणालाच काही कळलं नाही असं पुढे चालू राहावं, ही सोय अजून होती. मी तेच सुचवणार होतो.

"जावईबापू," कुलूपवाला म्हणाला.

हा शब्द त्या माणसाच्या तोंडून बाहेर पडताना गंजलेलं कुलूप उघडताना होतो तसा आवाज झाला.

"जावईबापू, माझं सामान तिथे पडलंय. घेऊन येता का?"

पडद्यावर अक्षरं उमटली: "कधीपासून ओळखलंत?"

"पहिल्याच आठवड्यापासून. माझी लेक दार लावत नाही."

उत्तर आलं: "इकडेही तेच. मीच लावत फिरतो."

कुलूपवाला फस्सकन हसला. मग लगेच तोंड आवरून माझ्याकडे बघितलं, मी पाहिलं की काय म्हणून. मी चष्मा पुसत होतो.

वारा उलटा होता. होडी यायला उशीर लागणार होता. हा किनाऱ्यावर पावसात कुडकुडत उभा, आणि इकडे खुर्चीत बसून बोटं मोडतोय. "आला नाही अजून." "येईल रे." "एवढा उशीर? लोखंड घेऊन दुसरीकडे वळला नसेल ना?" "कुठे वळेल? खेळ आहे तो!" "तुला माहीत नाही, सामान हलवणाऱ्यांचं काही खरं नाही." शब्द जिभेवर आला होता, पण संशय अजून हाडात होता.

शेवटी धुक्यातून शीड दिसलं. जावयाने सामान उतरवलं ते ढाल वेगळी, चिलखत वेगळं, लोखंड तळाशी. कुलूपवाल्याने एक एक वस्तू तपासली. मग म्हणाला, "बाणांचा एक जुडगा कमी आहे."

"वाटेत एका सापावर खर्च झाला."

"साप मी पाहिला नाही," कुलूपवाला म्हणाला.

तरीही त्या संध्याकाळी त्याने वहिनीला सांगितलं की दोघांना बोलाव. वहिनीने बॅग परत माळ्यावर टाकली, आणि तेव्हा कुठे त्याला कळलं की जावयाने दुपारी खेळायला बसायची कल्पना मुळात सासूबाईंची होती. लेकीची सुट्टी आठवड्यातून मोजके दिवस दुपारची असायची, उरलेले दिवस वहिनीने जावयाला बसवलं होतं. कुलूपवाला तिच्याकडे बघतच राहिला. "घरातच?" तो म्हणाला. "माझ्या घरातच कट?"

"तुमच्या कुलपांच्या आत," वहिनी म्हणाली.

पुढल्या रविवारी दोघं आले. लेक आईच्या गळ्यात पडली, बापाच्या नाही, पण त्याच्या ताटातलं उचलून खाल्लं, तेवढं पुरे. सासरे-जावई सुरुवातीला छताकडे बघत बसले. मग जावयाने हळूच विचारलं, छपराला भोक किती मोठं ठेवलंय, आणि दोघं जे बोलत सुटले ते वहिनीने दिवा बंद करायची धमकी दिल्यावर उठले. त्या बाणांचा विषय निघालाच. तो अजून मिटलेला नाही. कुलूपवाला मला आजही सांगतो की साप नव्हता.

गल्लीत मात्र ती गोष्ट राहिलीच. सलूनवाला अजून नव्या गिऱ्हाइकाला सांगतो, आणि आता तर त्यात एक होडीही घातली आहे. म्हणून एकदा नीट सांगून टाकतो. समुद्राकाठचं घर व्हिडिओ गेममधलं होतं. त्यातली बाई म्हणजे खेळातलं पात्र होतं, आणि ते पात्र काही दिवस त्याची लेक चालवत होती, बाकीचे दिवस जावई.